चुरगळलेला सदरा

त्याला सगळी गल्ली ‘कडक’ म्हणे. चाळीस वर्षं इस्त्री केली त्याने, आणि सदऱ्याची घडी अशी, की गिऱ्हाइकाला ती मोडणं जिवावर यावं. जीभही तशीच. समोरच्या खोलीतला लंगडा शेजारी सरकारी भत्त्यावर जगतो म्हणून कडकने त्याचं नाव ‘फुकट्या’ पाडलं, आणि गल्लीने ते उचललं. “एक पाय गेला, हात आहेत ना? ऐतखाऊ लेकाचा!” असं तो भर रस्त्यात बोलायचा, तेही फुकट्याला ऐकू जाईल अशा बेताने. त्याला फुकट्याची खरोखरच शिसारी यायची.

मग कडकचा उजवा खांदाच गेला. डॉक्टर म्हणाले, यापुढे या हाताने काम नाही. बायको चार घरी स्वयंपाक करायची, त्यात खोलीचं भाडं भागेना. मालकाने मुदत दिली. भत्ता मिळाला तर खोली, नाहीतर बाडबिस्तरा रस्त्यावर. आणि भत्त्याचे ते किचकट कागद गल्लीत कळायचे एकट्या फुकट्याला.

“तपासणीला जाताना दाढी करू नकोस,” अर्ज भरून देत फुकट्या म्हणाला. “नीटनेटका दिसलास की संपलं.”

“मी काय भिकारी आहे?” कडक फणकारला.

त्याने डाव्या हाताने सदऱ्याला इस्त्री केली. दोन दिवस लागले. कॉलर मनासारखी बसेना, म्हणून तीनदा भिजवून पुन्हा केली.

तपासणीच्या दिवशी कचेरीतल्या साहेबाने डॉक्टरांचा कागद बाजूला सारला आणि आधी सदरा न्याहाळला. “इस्त्री कोणी केली?”

‘बायकोने’ एवढंच म्हणायचं होतं. पण अशी कॉलर दुसऱ्या कुणी केली म्हणायला त्याची जीभ रेटेना. “मीच,” कडक ताठ मानेने म्हणाला.

“मग जमतंय की काम! धडधाकट माणसं तुम्ही, फुकटचं मागायला लाज कशी वाटत नाही?” आणि अर्जावर शेरा पडला : काम करण्यास सक्षम.

कडकला साहेबाचा राग आलाच, पण जास्त किळस आली त्या सुराची. इतकी वर्षं तोच सूर गल्लीत त्याच्या स्वतःच्या तोंडून निघत होता.

फेरतपासणीचा अर्जही फुकट्यानेच लिहून दिला. एक टोमणा मारला नाही मेल्याने, आणि तेच कडकला सोसवेना. या खेपेला त्याने तोच सदरा बोळा करून गादीखाली कोंबला आणि आठवडाभर त्यावर झोपला. दाढी वाढवली. साहेबापुढे खांदा होता त्याहून जास्त पाडला, सही करताना पेन मुद्दाम हातातून सोडलं, डोळ्यांत पाणी आणलं.

“बसा बाबा, बसा,” साहेब विरघळला. भत्ता मंजूर झाला.

त्या ‘बाबा’ने कडकला स्वतःचीच जी घाण वाटली, ती आधीच्या पाणउताऱ्यानेही वाटली नव्हती. खांदा खरोखर निकामी होता, तरी त्याला सोंग करावं लागलं होतं, आणि ते त्याला छान जमलंही होतं.

“काय झालं हो?” दारातच बायकोने विचारलं.

“खोली राहिली.”

तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याने उतरवलेला सदरा धुवायला उचलला.

“राहू दे तसाच,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षीच्या तपासणीला लागेल.”