स्पीकर जोडेपर्यंत

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की पनवेलची ती पत्र्याची खोली आठवते. हळदीसमारंभांसाठी ॲम्प्लिफायर बनवणारे आम्ही दोघं. पण मीटर सारखा दाखवायचा, आवाज फाटतोय. "आता माज्याच्यान नाय व्हनार," म्हणत माझा भागीदार गोव्याला नोकरीसाठी निघाला. तो गेल्यावर मी मीटरच्या आधी एक फिल्टर लावून पाहिला. ॲम्प्लिफायरच्या आतल्या वेगवान चालू-बंदचा, कानाला ऐकूच न येणारा स्विचिंगचा कचरा गाळला गेला आणि काटा खाली बसला. ॲम्प्लिफायर पहिल्यापासून स्वच्छच होता! लगेच फोन केला. तो पळस्पे फाट्यावर गोव्याच्या बसची वाट बघत उभा होता. "मंग ऐकव ना," म्हणाला. मोजण्यासाठी स्पीकर काढून त्याच्या जागी, आवाज न करता नुसता तापणारा मुका रेझिस्टर जोडलेला, त्यामुळे खोली गप्प. स्पीकर जोडेपर्यंत त्याची बस आली. आताही एकटाच मोजतो. काम झालं तरी स्पीकर लावत नाही, तापलेल्या रेझिस्टरजवळ नुसता हात धरून बसतो.