इराणी भाटीचं शेपूट

माझे सासरे बाळापूरकडचे शेतकरी. बाजारात बैलाच्या दातांवर एक नजर टाकून ते त्याचं वय सांगत. अशा जाणकाराने अकोल्याला आमच्या घरी मांजराचं पिल्लू आणलं आणि जाहीर केलं, “जावईबापू, बोका नाही, भाटी हाय. जात अस्सल इराणी!”

वर्षभरात या इराणी भाटीने गल्लीतल्या एकूण एक बोक्याशी मारामारी केली, कान फाडून घेतला आणि घराचे सगळे कोपरे शिंपून काढले. बायकोने निर्वाणीचं सांगितलं, “या वासात मी सैपाक करत नाही. काही इलाज करा, नाही तर सोडून या त्याले बार्शीटाकळीले.”

मला काही त्याला सोडवेना. शेवटी बायको, गावाहून आलेले सासरे आणि मी असे तिघं त्याला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी शेपूट वर केलं आणि ते हसले.

“भाटीची दोन्ही छिद्रं अगदी जवळ असतात. इथे बोटभर अंतर आहे. हा बोका! आणि जात तुमच्याच गल्लीची. खच्ची केला, की भटकणं, भांडणं, वास, सगळं कमी होईल.”

जातीवरून झालेला अपमान सासऱ्यांनी गिळला, पण पुढचं ऐकून ते उसळले. “मुक्या जिवाचं पाप काहून घेता, जावईबापू?”

“बाबा,” बायको म्हणाली, “आपल्या वावरातले बैल खच्ची केले, ते काय बोलत होते?”

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या आणि बोक्याचे पाय धरले.