माहीत असून बसवलेला शाफ्ट

झहीर खोत शाफ्ट बसवतात. मोटरची ताकद यंत्रापर्यंत नेणारा, दोन्ही टोकांना फिरते सांधे असलेला जाड लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. खोपोलीपासून रसायनीपर्यंत कुठल्याही कारखान्यात तो बदलायचा झाला की झहीरभाईंना फोन येतो. वय चौपन्न. घराणं मूळचं किनाऱ्याकडचं, पण आजोबांपासून सगळे खोपोलीतच. आयटीआय करून ते जे या कामात शिरले ते आजतागायत. मोजल्याशिवाय बोलत नाहीत, आणि बोलले की आवाज चढलेला असतो. यंत्रांच्या गोंगाटात राहून तशी सवय झाली, असं त्यांची बायको अख्तरुन्निसा म्हणते. मला तसं वाटत नाही. त्यांना राग येतो, आणि तो यावा अशाच गोष्टी त्यांनी पाहिल्यात.

त्यातली एक दोन वर्षांपूर्वीची. खालापूर तालुक्यातल्या एका सळईच्या मिलमध्ये जुन्या शाफ्टचे सांधे झिजले होते. नवा शाफ्ट येऊन पडला होता, झहीरभाईंनी फक्त बसवायचा होता. त्यांनी टेप लावली, नळीची जाडी मोजली, मोटरवरची पाटी वाचली आणि मॅनेजर जितेश साहेबांना बोलावलं.

"ह्यो कुनी निवडला?"

"जुन्याच्याच मापाचा आहे. लांबी तीच, बोल्टची भोकंही तीच."

"लांबी बघून पायजमा घेतात साहेब, शाफ्ट नाय. जुना आला तवा मोटर दोनशे हॉर्सपॉवरची होती. गेल्या साली तुमी तीनशेची लावलीत. आनि ही सळईची मिल हाय. पंखा सारखा फिरत राहतो, त्याचा हिशेब येगळा. हितं तापलेला लोखंडी बार रोलमधी शिरला की दर येळी घणाचा दणका बसतो. दणका धरून बघा, याच्या दोन मापं पुढचा लागतो."

जितेश साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मोठा यायला सहा आठवडे लागतील. तोवर मिल बंद ठेवू? तुम्ही नाही बसवलात तर दुसरा कोणीतरी बसवेलच."

या शेवटच्या वाक्यापुढे झहीरभाई नमले. दुसरा येईल, वाकडातिकडा बसवेल, त्यापेक्षा आपण नीट बसवू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि खरोखरच नीट बसवला. दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत घेतले. मोटर आणि गिअरबॉक्स समांतर आहेत का ते दोनदा तपासलं. आठही बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, जोर मोजून आवळणाऱ्या मोजपान्याने आवळले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. शाफ्टवरचं पत्र्याचं जाड कव्हर बाहेर काढून ठेवलं होतं, ते लावायला त्यांनी सांगितलं. जितेश साहेब म्हणाले, "उद्या लावून घेतो."

ते लागलंच नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक थंड होऊन कडक झालेला बार रोलमध्ये अडकला. पिळलेल्या फडक्यासारखी शाफ्टची नळी पिळली आणि फाटली. सुटलेलं टोक गरगरत आलं आणि ऑपरेटर हिरामणच्या गुडघ्याखाली लागलं. हाड दोन ठिकाणी मोडलं. बारा वर्षं हा माणूस त्याच जागी उभा राहून काम करत होता.

झहीरभाई हॉस्पिटलात गेले तेव्हा हिरामणची बायको सुंदरा एक कागद घेऊन बसली होती. कंपनीचा माणूस सकाळी येऊन ठेवून गेला होता आणि हिरामणची सही मागत होता.

"भाऊ, वाचा वो. ह्ये खरं हाय का?"

कागदात लिहिलं होतं की ऑपरेटरने निष्काळजीपणे थंड बार लावला आणि तो धोक्याच्या जागी उभा होता. शाफ्टबद्दल, कव्हरबद्दल एक अक्षर नव्हतं. झहीर खोत हे नावही कुठे नव्हतं. गप्प राहिले असते तर त्यांना कोणी काही विचारणार नव्हतं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "वैनी, सही करू देऊ नका," ते म्हणाले.

अंथरुणातून हिरामण म्हणाला, "झहीरभाई, उगा कशाला पडता यात? तुमचं काम जाईल."

"गेलं तर गेलं. पाय तुझा मोडला नि चूकबी तुझीच लिहितात. ह्ये मी ऐकून घ्यायचं का रं?"

चौकशीला सरकारी निरीक्षक रोहिणी मॅडम आल्या. झहीरभाईंना कोणी बोलावलं नव्हतं. ते स्वतःहून गेटवर गेले, अडवणाऱ्या वॉचमनशी भांडून आत गेले आणि मोडक्या शाफ्टपाशी उभे राहिले.

"आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

"ह्यो बसवनारा. आठी बोल्ट बघा, रेघा शाबूत हायत. बसवन्यात चूक नाय. नळी बघा, पिळून फाटलीय. ताकद पेलली नाय तिला. थंड बार सळईच्या मिलमधी कधी ना कधी जातोच, ते धरूनच शाफ्ट निवडायचा असतो. आनि कव्हर त्या भिंतीला टेकून हाय. त्याला काय झालं होतं लागायला?"

जितेश साहेब मध्ये बोलले, "लहान आहे हे माहीत होतं तर तुम्ही बसवलात कशाला?"

झहीरभाई मॅडमकडे बघून म्हणाले, "ते खरं हाय. माहीत असून बसवला. दुसरा बसवेल म्हनाले, आनि मी भुललो. माझं नाव लिवा. पन हिरामणचं खोडा."

मॅडमनी दोन्ही नावं लिहिली, झहीरभाईंचं आणि जितेश साहेबांचं. अहवालात शाफ्ट अपुरा, कव्हर नाही, ऑपरेटरचा दोष नाही, असं आलं. मिलमध्ये दोन मापं मोठा शाफ्ट बसला. आधी सहा आठवडे लागतील म्हणत होते, तो नऊ दिवसांत आला. हे सांगताना झहीरभाई अजून टेबलावर मूठ आपटतात.

हिरामण लंगडतो. त्याला गेटवर नोंदी करायला बसवलंय, आणि ते काम त्याला आवडत नाही. जितेश साहेबांची बदली झाली, मोठ्या कारखान्यात, वरच्या जागेवर. त्या मिलमधून झहीरभाईंना पुन्हा फोन आला नाही. आणखी दोन ठिकाणचे फोनही बंद झाले.

आता कुठेही गेले की ते आधी मोटरची पाटी वाचतात. कव्हर समोर लागल्याशिवाय बटण दाबू देत नाहीत. गेल्या महिन्यात भिवपुरीकडच्या एका भातगिरणीत शाफ्ट मोटरला लहान निघाला, आणि मालक त्यांना तेच म्हणाला, तुम्ही नाही तर दुसरा बसवेल. झहीरभाईंनी पाने पिशवीत भरले. "बसवू दे त्याला," म्हणाले, आणि उन्हातून चालत स्टेशनला आले.