तीन गावांचे साडेपाच

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साठतात, आणि एकानं एक काढला की दुसऱ्याला दोन आठवतात. आमच्या कंपनीत तर चहा गार होईपर्यंत कोणी थांबत नाही. वर प्रत्येकाला वाटतं, समोरचा निम्मं पदरचं सांगतोय. म्हणून आधीच सांगते, यातलं माझ्या पदरचं काही नाही. तरी संशय घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, आमच्याकडं तो सगळेच घेतात.

कंपनी शिरवळची. आम्ही पंपाची हाउसिंग बनवतो, म्हणजे पंपाचं बाहेरचं लोखंडी घर. मालक फलटणकडचे, घरचा ऊस. त्यांना सगळे दादा म्हणतात. क्वालिटी बघणारे नाना आटपाडीकडचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आणि मी वैशाली, माहेर विटा, सासर सातारा. माझं काम एकच, कॉल जुळवायचे. आमच्या मालाचं ड्रॉइंग जर्मनीतला उवे काढतो आणि माल अमेरिकेतला ब्रॅड घेतो. अटलांटिकच्या दोन काठांवरच्या या दोघांना शिरवळच्या खोलीत एका वेळी आणून बसवायचं!

मला कामावर घेताना दादा म्हणाले होते, ‘‘सहा महिने बघतो. वेळा जमवल्यास तर कायमचं पत्र देतो. नाही जमवल्यास तर रामराम.’’

आठ वर्षं मी तीन कंपन्यांत टेंपररीच होते. मला ते पत्र हवं होतं. लय हवं होतं!

* * *

हिवाळ्यात कॉल साडेसहाला असायचा आणि कंपनीची बस सुटायची पावणेसहाला. त्यामुळे साधा कॉल असला की मी बसमधूनच घ्यायची. कानात इअरफोन घालून आधी ब्रॅडला ‘‘गुड मॉर्निंग!’’ लगेच उवेला ‘‘गुड आफ्टरनून!’’ आणि शिरवळला मागं थांबलेल्या नानांना ‘‘गुड इव्हनिंग!’’

माझ्या शेजारी कॅन्टीनच्या शांताक्का बसायच्या. त्याही मूळच्या विट्याच्या, आमच्या आईच्या ओळखीच्या. आठवडाभर त्या माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघत होत्या. 

रविवारी आईचा फोन. आवाज अगदी बारीक.

‘‘वैशू, जावईबापू घरात हायती का? जरा बाजूला जा. आता खरं सांग, सांजच्याला तू काय घेतीस का गं?’’

‘‘काय घेते?’’

‘‘आता मीच सांगू व्हय! शांती म्हणत हुती, अंधार पडला की तुमच्या पोरीला सकाळ, दुपार, सांज कायसुदिक कळत न्हाई!’’

* * *

मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं एक तास पुढं गेली. जर्मनीची त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी जातात. हे मला माहीत नव्हतं. ब्रॅड त्याच्या नेहमीच्या आठला, म्हणजे आमच्या साडेपाचला आला, अर्धा तास रिकामा स्क्रीन बघून गेला. साडेसहाला उवे आला. तो ब्रॅडची वाट बघून गेला. ब्रॅडला वाटलं उवेनं टाळलं, उवेला वाटलं ब्रॅडनं. दादांना वाटलं दोघांनी मिळून आपल्याला टाळलं!

मी दादांना समजावून सांगितलं, की तिकडं सरकारच वर्षातून दोनदा घड्याळ फिरवतं.

दादांनी चष्मा काढला. ‘‘अख्ख्या देशाचं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि लोक ऐकतात?’’

‘‘ऐकतात.’’

दादांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, ‘‘आमच्याकडं उसाचा काटा मारतात. घड्याळाचा काटा मारणारी माणसं आज बघितली! मला पुरावा दे.’’

मी ब्रॅडला लिहिलं, की आमच्या मालकांना तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो हवाय. कारण विचारू नकोस. ब्रॅड बिचारा सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी कॉल सुरू होताहोताच त्यानं फोटो पाठवला. आपल्याकडं साडेपाच, म्हणजे तिकडं आठ वाजलेले असणार.

फोटोतल्या घड्याळात सात वाजले होते. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ पुढं करायला ते लोक विसरले होते!

दादांनी फोटोची प्रिंट काढायला लावली. आजही त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

* * *

पुढं जर्मनीचीही घड्याळं फिरली, तिघांचं गणित बसलं. साडेपाच म्हणजे साडेपाच. मी निश्चिंत झाले. तेवढ्यात उवेनं आम्हाला आणि ब्रॅडला एक मेल टाकली. ‘‘उद्या भेटू, हाफ सिक्स, शिरवळच्या वेळेनुसार.’’

मी शाळेत शिकलेलं इंग्रजी आठवलं. हाफ पास्ट सिक्स, म्हणजे साडेसहा. आम्ही साडेसहाला कॉल लावला. उवे साडेपाचला येऊन गेलेला! त्यांच्याकडं म्हणे ‘अर्धा सहा’ म्हणजे सहाला अर्धा कमी.

नानांना हे सांगितलं तर ते डोकं खाजवत म्हणाले, ‘‘आपुन साडेपाच म्हणतो, म्हंजी पाच हून गेल्यालं धरतो. ह्यो गडी अजून न वाजल्यालं सहा धरतोय. असल्या माणसाच्या मापावर कसा इस्वास ठिवायचा?’’ आणि त्या दिवशी त्यांनी उवेची सगळी ड्रॉइंग पुन्हा मोजली.

पण ब्रॅड कुठं होता? तो ना साडेपाचला आला, ना साडेसहाला. संध्याकाळी त्याची मेल आली, जरा रागावलेली. अमेरिकेत ‘हाफ सिक्स’ असं कोणी म्हणतच नाही. त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला होता. सहाचं निम्मं किती? तीन! म्हणून तो आमच्या दुपारी तीनला, त्याच्या भल्या पहाटे उठून, एकटाच कॉलवर बसला होता.

मी हिशोब करून बघितला. शिरवळला तीन वाजतात तेव्हा ब्रॅडच्या गावात बरोबर साडेपाच वाजतात!

दुसऱ्या दिवशी दादांना मात्र हसू आलं नाही. ‘‘हा दुसरा कॉल चुकला,’’ ते म्हणाले. त्या दिवशी बसमध्ये माझ्या डोळ्यांना पाणी आलं. शांताक्कांनी पाण्याची बाटली पुढं केली, पण आधी माझ्या तोंडाचा वास घेतला.

* * *

नाना कॉलवर इंग्रजी बोलत नाहीत. ते मराठीत बोलतात, मी भाषांतर करते. त्यांना वाटायचं, आपलं बोलणं म्हणजे कुलूपबंद तिजोरी.

एकदा ब्रॅड अर्धा तास सांगत होता, की भोकाचं माप आमच्याकडूनच चुकलंय. नाना ऐकून ऐकून तापले. ‘‘ताई, ह्यो ब्रॅड लय थापाड्या हाय! सोता ड्रॉइंग बदाललं आन्‌ खापर आपल्या डोस्क्यावर फोडतोय. ह्येला एकदा आटपाडीच्या उन्हात हुबा केला पायजे!’’

ब्रॅडच्या बाजूला संजय नावाचा नवीन इंजिनिअर त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. आतापर्यंत तो एक अक्षर बोलला नव्हता. अमेरिकेतून त्याचा शांत आवाज आला.

‘‘नाना, मी तासगावचा. तुमचं बराबर हाय. पर आधी म्यूट करा!’’

माप आमचं बरोबर निघालं. पण नानांचा त्या दिवसापासून जगावरचा विश्वासच उडाला. कोणीही गोरा माणूस स्क्रीनवर दिसला की मला हळूच विचारायचे, ‘‘ह्यो कुठल्या गावचा?’’

* * *

सहावा महिना लागला. नव्या हाउसिंगचा पहिला नमुना दोन्हीकडं पोचला होता. उवे आणि ब्रॅड, दोघांनी एकाच कॉलवर ‘हो’ म्हटलं की माल सुरू. आणि माझं पत्रही त्याच कॉलवर अडलेलं. तो गुरुवारी ठरला, दोघांनी होकार कळवला. मंगळवारी संध्याकाळी मी बसमधून दादांना फोन लावला.

‘‘दादा, परवाचा कॉल साडेपाचला... ब्रॅड आणि उवे दोघंही...’’

इतक्यात खंबाटकी घाट आला आणि रेंज गेली.

बुधवारी सकाळी दादा गेटवरच उभे. ‘‘काल म्हणालीस तो परवाचा कॉल घेतलास? मला न सांगता?’’

मला काही कळेना. ‘‘दादा, कालच्या हिशोबानं परवा म्हणजे रविवार!’’

‘‘तेच म्हणतोय मी! रविवारी, म्हणजे लपूनच की!’’

नाना मध्ये पडले. ‘‘आवं दादा, ताई फुडचा परवा म्हणत्यात. मागचा न्हवं.’’

‘‘पुढचाही परवा आणि मागचाही परवा,’’ दादा म्हणाले. ‘‘मग माणसानं ओळखायचं कशावरून?’’

‘‘सांगणाऱ्याच्या तोंडावरनं. तोंड घाबारल्यालं असलं की मागचा.’’

दादांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. आता सहा महिन्यांवर पाणी पडायची वेळ आलेली, मी घाबरणार नाही तर काय करणार?

‘‘बरं,’’ दादा म्हणाले. ‘‘उद्या मला फलटणला लग्न आहे. कॉल तुम्ही दोघंच घ्या.’’

* * *

गुरुवारी साडेपाचला सगळे वेळेवर आले. ब्रॅड, संजय, उवे, आणि इकडं मी नि नाना. पण स्क्रीनवर आणखी एक चौकोन होता. काळा. नाव नुसतं ‘गेस्ट’.

उवेला वाटलं तो ब्रॅडचा माणूस, ब्रॅडला वाटलं उवेचा. मी चॅटवर लिहून विचारलं, ‘आपण कोण?’ उत्तर नाही. काढून टाकावा तर दोघं म्हणाले, थांब, कोणाचा तरी साहेब असेल.

उवेनं मापं वाचली आणि सांगून टाकलं, ‘‘माझं हो.’’ राहिला ब्रॅड. ब्रॅड त्या काळ्या चौकोनाकडं बघत म्हणाला, ‘‘हा कोण आहे ते कळल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि दहा मिनिटांत मला दुसरी मीटिंग आहे.’’

 आज ‘हो’ आलं नाही तर पुढची वेळ कधी मिळेल याचा नेम नाही, आणि माझे सहा महिने शनिवारी संपणार!

नाना माझ्याकडं वाकले. ‘‘ताई, ह्येला मराठी येतंय का बघू. रानात कोण खरं झोपलंय आन्‌ कोण सोंग घितंय, ह्ये आमचा बा एका सबुदात ओळखायचा.’’

मी नको म्हणायच्या आत त्यांनी माइकजवळ तोंड नेलं आणि अगदी गार आवाजात म्हणाले,

‘‘पावनं, हलू नगा. तुमच्या खुर्चीखाली साप हाय.’’

उवे ढिम्म. ब्रॅड ढिम्म. अमेरिकेतला संजय ताडकन उठला आणि त्याची कॉफी लॅपटॉपवर सांडली.

काळा चौकोन एक क्षण तसाच राहिला. मग आमच्या शेजारच्या स्टोअररूममध्ये खुर्ची धाडकन पडली आणि भिंतीपलीकडून आवाज आला, ‘‘आयला! कुठंय?’’

पुढच्या सेकंदाला लॅपटॉपमधून पुन्हा खुर्ची पडली. पुन्हा तोच आवाज, ‘‘आयला! कुठंय?’’

 नाना छताकडं बघत होते. पलीकडून टेबलावर कोणीतरी चढल्याचा आवाज आला. तोही दोनदा.

‘‘हे कोण?’’ ब्रॅडनं मला विचारलं.

माझं पत्र ज्या माणसाच्या हातात होतं, तो या क्षणी भिंतीपलीकडं टेबलावर उभा होता आणि माझा प्रत्येक शब्द ऐकत होता. खोटं बोलावं तर ब्रॅडचं ‘हो’ जाणार. खरं बोलावं तर दादांची अब्रू जाणार. मी दोन्ही बोलले.

‘‘ते आमचे मालक आहेत. ते लग्नाला गेलेत.’’

ब्रॅडनं जरा विचार केला. ‘‘लग्न जोरात दिसतंय,’’ तो म्हणाला. ‘‘माझंही हो.’’

शुक्रवारी सकाळी दादा नवाकोरा शर्ट घालून आले. माझ्या टेबलावर लिफाफा ठेवला. मी उघडला. कायमचं पत्र होतं. 

‘‘काल फलटणचं लग्न झकास झालं,’’ दादा कोणाकडंही न बघता म्हणाले.

नाना मापं घेत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं,

‘‘व्हय का? जेवाय बसाय मिळालं, का हुब्यानंच?’’