दातमिस्त्री

पाटणला मी गुरांचा डॉक्टर होतो तेव्हा माझी सरकारी जीप एक माणूस दाताने तपासायचा. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. पासष्टच्या लढाईत गोळा जवळ फुटून त्याचे दोन्ही कान गेले होते. फौजेच्या वर्कशॉपमधला हा नाईक गावी परतला आणि सगळ्यांचा दातमिस्त्री झाला. बोललेलं त्याला ओठांवरून कळायचं.

एके दिवशी जीप क्लच दाबला की किंचाळायला लागली. साताऱ्याच्या गॅरेजवाल्याने इंजिनच बदलायला सांगितलं. कोयनेकाठच्या वाड्यांत तेव्हा गुरांना घटसर्प झाला होता आणि लस घेऊन मी अडकून पडलो होतो. मिस्त्रीने पेचकस चावला, मान हलवली.

"इंजिन ब्येस हाय, डाक्टर. दुखनं इंजिन आन् गिअरबॉक्सच्या सांध्यात हाय."

"मग तेवढंच काढा की."

"गाडीखाली शिरून काढाय खड्डा न्हाई आपल्याकडं. दोनी एकदम वर उचलायची."

पाणी, तेल काढलं. बॉनेट, रेडिएटर, वायरी, शाफ्ट सुटे झाले. प्रत्येक बोल्ट तो निघाल्या क्रमाने पोत्यावर मांडायचा. आंब्याच्या फांदीला चेनपुली बांधली आणि इंजिन तोंड वर करून, गिअरबॉक्सची शेपटी ओढत बाहेर आलं. आम्ही जीप मागे ढकलली. खाली त्याने जुने टायर पसरले. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर हिंडलो ते असं टांगलेलं पाहून मला राहवेना. मी खालून बघायला वाकलो.

तोच मिस्त्रीने माझी कॉलर धरून मला मागे खेचलं. फांदी मोडली. इंजिन टायरांवर आदळलं. मी त्याच्याकडे वळलो.

"तुम्हाला कसं कळलं?"

"साखळीवर हात हुता. ती शिरशिरली." तो माझ्यावर भडकला होता. "आन् तुमी कान असून वाकता व्हय रं खाली!" डॉक्टरला 'रं' म्हटल्याचं नंतर त्याच्या ध्यानात आलं आणि तो लाजला.

नशिबाने काही फुटलं नव्हतं. सांध्यातून बुश निघाला, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढं पितळेचं झिजलेलं नळकांडं. तेच किंचाळत होतं. त्याने नवा बुश बसवला आणि तिसऱ्या दिवशी लस घेऊन मी खोऱ्यात उतरलो.

पुढे सांगलीला बदली झाली. निघताना निरोप घ्यायला गेलो, तर तो बॉनेटवर पंजा ठेवून घुटमळला.

"डाक्टर, येक इचारू? दातातनं नुसती खडखड कळती. हिचा आवाज कसा हाय वो?"

रोज चालवायचो, पण मला सांगता येईना. मी जीप चालू केली आणि पहिल्यांदाच नीट ऐकली. मग त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "पाणी उकळलं की पातेल्यावरचं झाकण वाजतं ना, तसा. मधेच एक ठोका चुकतो."

तो मोठ्याने हसला.

"ठोका चुकतोय? उतरा खाली. प्लग बदलाय पायजे."

प्लग बदलल्याशिवाय त्याने मला जाऊ दिलं नाही.