शेपटांची अंगणवाडी

संध्याबाई ठार बहिऱ्या आहेत, अशी आवई कसाऱ्यापासून शहापूरपर्यंत उठली होती. कारणही तसंच होतं. अंगणवाडी तपासायला आल्या की बाई एखाद्या पोराला काहीतरी विचारायच्या आणि मान वाकडी करून गप्प. पोर गप्प, बाई गप्प. "ऐकूच येत नाय गो बिचारीला," म्हणून बाया हळहळायच्या आणि तिथंच उभ्या राहून त्यांच्या अंबाड्याची चेष्टा करायच्या.

खरं तर मूळच्या मुरबाडच्या या मुख्यसेविकेचे कान भलतेच तिखट. अंबाड्यावरची चेष्टा त्यांना शब्दन् शब्द पाठ होती.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात त्या उंबरमाळीच्या वरच्या वाडीत आल्या. तिथं येसूबाईची अंगणवाडी. येसूबाईनं झोकात सुरुवात केली.

"ह्यो रंग कुठला? ला...?"

"ल!" पोरांनी कौलं हलवली.

"ही कोण? चिम...?"

"णी!"

येसूबाई फुलून गेली. संध्याबाईंनी चार वर्षांच्या रंगूला जवळ घेतलं, लाल ठोकळा पुढं धरला. "हा रंग कुठला गो?" आणि मान वाकडी. रंगू टकामका येसूबाईकडं बघत राहिली.

"येसूबाई, पोरांना शब्दांची शेपटं तेवढी येतात. डोकी सगळी तूच खातेस."

"असं कसं बोलता, बाई? माझी पोरं हुशार हायेत! घरी जाऊन बघा, बडबडून भंडावतात नुसती."

"मग इथं का भंडावत नाहीत?"

येसूबाईला धास्ती वेगळीच होती. महिन्याभरात जिल्ह्याहून मूल्यमापनाला साहेब येणार होते. पोरं बोलली नाहीत, तर ही अंगणवाडी बंद करून खालच्या गावातल्या अंगणवाडीत मिसळायची, असं घाटत होतं. खालचं गाव रुळांपलीकडं. एवढीशी पोरं रूळ ओलांडून कोण धाडणार? घरीच बसली असती सगळी.

संध्याबाईंना एक वाईट शेरा मारून परतीची एसटी पकडता आली असती. पण त्या पदर खोचून बसल्या. "तपासणी सुधारायला असते. नापास करायला पुढं शाळा आहेच. येसूबाई, प्रश्न विचारलास की तोंडात पाण्याचा घोट धरायचा. पोर बोलल्याशिवाय गिळायचा नाही."

"आणि पोर नायच बोललं तर?"

"तर तहान लागणार नाही तुला!"

दुसऱ्या दिवसापासून येसूबाई गाल फुगवून बसू लागली. पोरं आधी नुसती खिदळली. मग कंटाळली. आणि कंटाळली तशी बोलायला लागली.

साहेब आले. येसूबाई दाराशी, पदराचं टोक दातात धरून उभी. संध्याबाई शेजारी, मान वाकडी. साहेबांनी रंगूला ठोकळा दाखवला आणि लाडात येऊन विचारलं, "हा रंग कुठला बेटा? पिव...?"

रंगू थांबली. सगळीच थांबली. "बोल गो" एवढं येसूबाईच्या ओठांवर आलं होतं. संध्याबाईंनी येसूबाईचा दंड दाबला.

"तुमीच सांगताय," रंगू म्हणाली, "मंग आमाला कशाला इचारता?"

साहेबांना असं हसू फुटलं की ठोकळा खाली पडला. मग ते शहाण्यासारखे गप्प बसले. रंगूनं पिवळा सांगितला, त्या रंगाची आईची ओढणी सांगितली, ओढणी खाल्लेली शेळीही सांगितली. शेळीच्या मागोमाग बाकीची पोरं बोलत सुटली. अंगणवाडी वाडीतच राहिली.

आता संध्याबाईंची नक्कल. मी याच वाडीतला नकलाकार; साऱ्या तालुक्याची काढतो, त्यांचीही काढणारच. "तुमची तर सगळ्यात सोपी, बाई. बोलायचंच काय नाय!" असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

"लाव पैज. भज्यांची."

समोर बसवला अंगणवाडीतला छोटा काळूराम. "घरी कोण कोण असतं रे?" असं विचारून मी मान अगदी बरोब्बर वाकडी केली. काळूरामनं नाक खाजवलं. भिंतीवरची पाल बघितली. मग माझ्याकडं बघितलं. बघतच राहिला.

"आ...?" माझ्या तोंडातून गेलंच.

"ई!" काळूराम ओरडला.

संध्याबाईंनी भज्यांची पुडी आपल्याकडं ओढली.