सोळाचं ॲव्हरेज

मार्केट यार्डाच्या गेटसमोर एक चहाची टपरी आहे. नऊ वर्षं झाली, मी तिथे रोज सकाळी चहा पितो. मखमलाबादकडच्या मळ्यातली मेथी, कोथिंबीर आणि हंगाम असेल तेव्हा झेंडू माझ्या पिकअपमधून यार्डात उतरवायचा आणि मग टपरीच्या बाकावर येऊन बसायचं. त्या बाकावर माणसं स्वतःचं आजारपण खरं सांगतात, भावाभावांची भांडणं खरी सांगतात, मुलगा नापास झाला तर तेही सांगून टाकतात. पण कुणी विचारलं, "गाडी काय ॲव्हरेज देते?" की बाकावरचा प्रत्येक जण ताठ बसतो आणि बिनदिक्कत खोटं बोलतो.

एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, एवढंच तर विचारलेलं असतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण कुणी पंधरा सांगतो, कुणी साडेपंधरा, आणि नवीन गाडीवाला असेल तर सतरा. मी सोळा सांगायचो. माझी गाडी अकरा द्यायची.

शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलाने मला सतरा सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात मी मोजलं तर अकरा. मी जाऊन भांडलो. तो गोड हसून म्हणाला, पहिली सर्व्हिसिंग झाली की वाढेल. सर्व्हिसिंग झाली, अकराच. मग तो म्हणाला, साहेब, तुमचा पाय जड आहे. हे मात्र मला लागलं. मी आठ दिवस चप्पल काढून गाडी चालवली, का तर ॲक्सिलरेटर हलका दाबला जावा. वैशाखातले दिवस होते, तळपाय भाजून निघाले आणि ॲव्हरेज अकराच राहिलं.

तेव्हा मला कळायला हवं होतं की त्यांचे सतरा कुठल्या तरी वेगळ्या दुनियेतले आहेत. तिथे गाडी रिकामी असते, रस्ता सपाट असतो, एकटा ड्रायव्हर एका वेगाने जात राहतो, ना सिग्नल ना खड्डा ना म्हैस आडवी. आमची गाडी मालाने भरलेली, वर ताडपत्री वाऱ्याने फडफडतेय, शहरात द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास, मग यार्डाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून हातहातभर पुढे सरकायचं. रांगेत मीटर फिरत नाही, डिझेल मात्र जळतच असतं. हे सगळं मला दिसत होतं. पण अकरा म्हणायचं म्हणजे आपण फसलो हे बाकावर सांगायचं, आणि तेवढं काळीज माझ्याकडे नव्हतं. सोळा मी विचार करून निवडले होते. सतराला एक कमी, म्हणजे ऐकणाऱ्याला खरे वाटतात.

अशात मला सातवीला गणित शिकवणारे सर टपरीवर आले. रिटायर झाले होते, घरात बसवत नव्हतं, म्हणून पिकअप घ्यायचं त्यांच्या मनात होतं. नर्सरीतली रोपं देवळा-सटाण्याकडे पोचवायची आणि येताना तिकडून डाळिंब आणायचं, असं काम त्यांनी जमवून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "शोरूमवाल्याचं मी ऐकत नाही. तुझी गाडी तीच आहे. तू सांग, काय देते?"

बाकावर पाच-सहा जण होते आणि त्यातल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी सोळा सांगून बसलो होतो. मी म्हटलं, "सोळा, सर. जपून चालवली तर सोळा."

सरांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. पुढे शोरूममध्ये ते म्हणाले होते म्हणे, की माझ्या विद्यार्थ्याने सांगितलंय, म्हणजे ते बरोबरच असणार. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

सरांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी सटाण्याकडचा एक ड्रायव्हर ठेवला. चाळिशीचा, कमी बोलणारा, सकाळी गाडी पुसून झाल्याशिवाय चहाला हात न लावणारा माणूस. हायवेला त्याच्या मागे मी कितीदा गाडी चालवली आहे. विनाकारण हॉर्न नाही, उगाच ब्रेक नाही. असा हात मी या धंद्यात फार थोड्यांचा पाहिला. सर दर खेपेला टाकी भरून घ्यायचे आणि डायरीत भागाकार करायचे. उत्तर अकरा यायचं. डाळिंब जास्त असेल तर साडेदहा.

दोन महिने सरांनी पाहिलं. मग एका सकाळी टपरीवर, भर गर्दीत, त्यांनी त्याला विचारलं, "सोळाच्या जागी अकरा येतात. मधलं डिझेल कुठे जातं?"

तो गडबडला. "सर, गाडी इतलंच देस. मी थेंब बी काढा नही."

"म्हणजे हा खोटं बोलतो?" सरांनी माझ्याकडे बोट केलं.

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. त्याला माहीत होतं. बाकावरच्या सगळ्यांना माहीत होतं, कारण प्रत्येकाची गाडी अकराच्या आसपासच देत होती. एकाने घसा खाकरला. एक जण मोबाईलमध्ये घुसला. आणि मी, ज्याच्या एका शब्दावर तो माणूस सुटला असता, मी ग्लासातला चहा हलवत बसलो. सर म्हणाले, "चोराच्या हातात मी गाडी देत नाही." त्याने चावी बाकावर ठेवली आणि तो निघून गेला.

मी स्वतःला खूप समजावलं. त्याला दुसरीकडे काम मिळेल, चांगला ड्रायव्हर आहे, वगैरे. मग महिन्याभराने सटाण्याचा एक व्यापारी यार्डात भेटला. मी सहज चौकशी केली. तो म्हणाला, "त्या डिझेलचोराला कोण गाडी देणारे? त्याची बायको कांदे निवडायला खळ्यावर येते, तिथं बाया तिच्याजवळ बसत नायत."

त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. आधी स्वतःवर, मग शोरूमच्या टायवर, मग त्या बाकावर. मी तसाच सरांच्या घरी गेलो आणि दारातच म्हटलं, "सर, मी खोटं बोललो होतो. माझी गाडी अकरा देते. पहिल्या दिवसापासून अकरा."

सरांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि समजुतीने म्हणाले, "तुझं मन मऊ आहे. त्याची कीव आली म्हणून तू आता हे सांगतोयस."

म्हणजे माझं खोटं त्यांनी डायरीत लिहून घेतलं आणि खरं मात्र त्यांना पटेना. मी संतापलो. ज्यांच्यासमोर शाळेत कधी मान वर केली नव्हती त्यांना म्हणालो, "मग उठा. टाकी काठोकाठ भरा, माझ्या शेजारी बसा आणि सटाण्यापर्यंत चला. मी सांगतो ते ऐकू नका. तुमच्या डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरांची गाडी पंपावर लावली. टाकी भरली, फेस बसू दिला, पुन्हा भरली. मग आत अडकलेली हवा निघावी म्हणून मी गाडी हलवायला लागलो. सरांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दुसऱ्या बाजूने तेही हलवायला लागले. आणखी थोडं डिझेल मावलं. सरांनी मीटरचा आकडा लिहून घेतला, मग खाली वाकून टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. माझ्यावर त्यांचा किती विश्वास उरला होता ते मला समजलं.

मागे टोमॅटोच्या रोपांचे ट्रे होते, मांडणी करून केबिनच्या टपापेक्षा उंच रचलेले. वजन फारसं नव्हतं, पण ओझर सोडल्यावर समोरून वारा लागला आणि गाडी रेटावी लागायला लागली. सर म्हणाले, "इंजिनाचा आवाज का वाढला?" मी म्हटलं, "वारा ढकलतोय, सर. त्यालाही डिझेल लागतं." त्यांनी डायरीत काहीतरी टिपलं. पिंपळगावला ट्रॅक्टरांच्या मागे अडकलो. सोग्रस फाट्याला वळून भावडबारीचा घाट चढताना दुसऱ्या गिअरवर आलो. माथ्यावर पोचल्यावर सर म्हणाले, "आता उतार आहे. न्यूट्रल कर. टपरीवर सगळे म्हणतात, त्याने दोन किलोमीटर वाढतात."

"मी करणार नाही."

"का?"

"उतारावर गाडी गिअरमध्येच धरायची असते. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की आपण दोघं त्या दरीत. तुमचा ड्रायव्हरही करत नसणार."

सरांनी डायरी मिटली. मग म्हणाले, "मी त्याला एकदा सांगितलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं. मला वाटलं उर्मट आहे."

सटाण्यात रोपं उतरवली, डाळिंबाचे क्रेट भरले, आणि तिथे पाऊण तास रांगेत गेला. सरांनी घड्याळ लावून पाहिलं. संध्याकाळी त्याच पंपावर, त्याच नळीखाली गाडी उभी केली. सरांनी स्वतः कुलूप उघडलं. पुन्हा फेस बसू दिला, पुन्हा दोघांनी गाडी हलवली. एकशे बहात्तर किलोमीटर झाले होते आणि साडेपंधरा लिटर डिझेल बसलं. सरांनी भागाकार केला. मग दुसऱ्या पानावर केला. मग तिसऱ्यांदा, उलटा, गुणाकार करून पडताळून पाहिला. अकरा आणि वर चिमूटभर. टाकीची किल्ली दिवसभर त्यांच्या खिशात होती.

पंपावरच्या दिव्याखाली उभे राहून ते मला म्हणाले, "तू तेव्हा का बोलला नाहीस?" मी टाकीचं झाकण घट्ट लावायला वाकलो. त्यांनी तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला. चुकलो म्हणाले, कामावर परत ये म्हणाले. पलीकडून तो काय बोलला ते मला सरांनी नंतर सांगितलं: जिथे चोर म्हणालात तिथेच येऊन सांगा, त्याच वेळेला, त्याच लोकांसमोर. सर कबूल झाले.

ही गोष्ट बाकावर पोचली तेव्हा एक जण मला यार्डातच आडवा आला. त्याला पिकअप विकायची होती. "तू अकरा अकरा करत फिरशील तर माझी गाडी कोण घेईल? सोळा म्हणाला होतास ना, मग आता सोळालाच राहा. तुझ्या बापाचं काय जातंय?"

मी म्हटलं, "कुणी घेऊ नये. घ्यायचीच तर अकरा ऐकून घ्यावी."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. न बोलो. नवीन गाडी घेणारा कुणीही मला विचारतो तेव्हा मी त्याला अकरा सांगतो, भरलेली, रांगेत उभी राहणारी, घाट चढणारी गाडी अकरा देते म्हणून सांगतो, आणि बाकावरचे हसले तर त्यांनाही त्यांच्या टाक्या भरून मोजायला बोलावतो. अजून एकही आलेला नाही.

ठरलेल्या दिवशी ड्रायव्हर सकाळच्या पहिल्या एसटीने आला. एकटा नव्हता, बायकोला घेऊन आला होता. ती पदर डोक्यावरून घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. टपरीवर नेहमीचे सगळे होते. सर उठून उभे राहिले. हातात गाडीची चावी होती. पण खाली बघत कसंबसं पुटपुटले, की गाडी अकराच देते, याने डिझेल काढलं नव्हतं, माझी चूक झाली. बाकावरचे आपापसात बोलत राहिले. एकाने मुद्दाम मोठ्याने दोन कटिंग मागवले.

मी म्हटलं, "सोळा मी सांगितले होते. ते खोटे होते. आणि इथे बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं."

आता माना वर झाल्या. "आमची तर पंधरा देते बुवा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

ड्रायव्हरची बायको नवऱ्याच्या मागून पुढे आली. "आखो एकदाव सांगा, सर," ती म्हणाली. "जोरमा सांगा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज लावला. "या माणसाने चोरी केलेली नाही. शहानिशा न करता त्याला चोर मी म्हणालो." गेटवरचा हमाल पाठीवरच्या गोणीसकट थांबला.

सरांनी चावी पुढे केली. ड्रायव्हरने हात जोडले. "नको, सर. आते तिकडे ट्रॅक्टरवर कामले लागेल शे मी. फक्त हिले हे ऐकवनं व्हतं."

ती मात्र जागची हलली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "भाऊ, तुम्ही त्या दिनले का नही बोलनात?"

सरांनी हेच विचारलं होतं आणि मी टाळलं होतं. बाकावरचे सगळे कान देऊन ऐकत होते.

"घाबरलो," मी म्हटलं. "हे लोक हसतील म्हणून."

मग तिने नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं स्टँडची रिक्षा बघायला रस्ता ओलांडून गेली.